आप्पांची जमाखर्चाची वही

मैत्रिणींनो, तुमच्या घरात पैशाचा हिशेब कोण ठेवतं? आणि ठेवत असेल, तर तो तुम्हाला सांगतं का? प्रश्न जरा खोचक वाटेल. पण जरा आठवून बघा. कपाटाची किल्ली कुठे असते हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण आतल्या फायलीत काय आहे ते विचारलं तर आपण म्हणतो, "ते सगळं हे बघतात!" आपल्या आया तेच म्हणायच्या, आज्या तेच म्हणायच्या.

माझी आई मात्र असं म्हणाली नाही. ती शाळेत एक दिवसही गेली नव्हती, बारा वर्षं तिने रानात एकटीने काम केलं, आणि तरी घरातला पै न् पैचा हिशेब तिला ठाऊक असायचा. याचं कारण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. २०२४ साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन ते गेले. शेतकऱ्याचा मुलगा, मग फौजी, मग बँकेतला रोखपाल, असे एका आयुष्यात तीन जन्म घेतलेला हा माणूस. मोठं नाव नाही, पदक नाही, पेपरात कधी फोटो नाही. पण त्यांची एक सवय मला तुम्हाला सांगायची आहे, कारण ती आपल्या कामाची आहे.

आप्पांचा जन्म १९३६ चा, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला. तीन एकर रान, तेही उताराचं. पावसाळ्यात भात आणि नाचणी, खालच्या तुकड्यात भुईमूग. घरात तीन भाऊ, दोन बहिणी. आता तुम्हीच हिशेब करा, तीन एकरात आठ माणसांचं कसं भागायचं? गावात त्या वेळी पोरगा मोठा झाला की दोनच वाटा असत. एक मुंबईची, गिरणीत किंवा गोदीत. दुसरी भरतीची. सातारा जिल्ह्यात फौजेत जाणं म्हणजे घरातलीच गोष्ट. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जवान गमावले; त्या गावाला आजही लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. देशप्रेम होतंच, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या जोडीला चुलीत काय शिजवायचं हाही प्रश्न होता.

आप्पा सातवी, म्हणजे तेव्हाची 'फायनल' पास झाले आणि दोन वर्षं नांगरामागे चालले. १९५४ साली अठरा वर्षं पुरी झाल्याबरोबर भरतीला उभे राहिले. छाती भरली, वजन कमी पडलं. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन दिवस केळी खाऊन पुन्हा गेले आणि निवडले गेले! बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झाले. ते नेहमी सांगायचे, "पायात बूट मी पहिल्यांदा सरकारचेच घातले."

१९५८ मध्ये लग्न झालं. आई सतरा वर्षांची. लग्नाची सुट्टी संपली आणि आप्पा पलटणीत परत गेले. त्यानंतर बारा वर्षं आईचा संसार म्हणजे वर्षाकाठी दोन महिने नवरा आणि दहा महिने रान, गोठा, सासू आणि मनिऑर्डर.

त्या मनिऑर्डरीचीच एक गोष्ट सांगते. फॉर्मच्या खालच्या बाजूला निरोप लिहायला थोडी कोरी जागा असायची. आप्पा तिथे बारीक अक्षरात लिहीत, "वीस रुपये पाठवले आहेत. पाच आईच्या औषधाला, आठ बैलाच्या पेंडीला, सात तुझ्याकडे ठेव." आता आईला कुठलं वाचता येतंय! पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा आणि अख्खी आळी ऐकायची. आईच्या वाटचे सात रुपये आहेत हे साऱ्या गावाला कळायचं, आणि मग ते सात तिच्याकडे कितीसे राहणार? कधी दीर मागे, कधी नणंद. सुट्टीवर आल्यावर आईने एकदाच आप्पांना सांगितलं, "अवो, तुमी माझ्यासाठी लिवता, पर ऐकत्यात समदी. मला काय सांगायचं ते मलाच कळंल असं लिवा की."

आप्पा हे बोलणं कधीच विसरले नाहीत. पुढे त्यांनी जे केलं त्याचं मूळ या वाक्यात आहे, असं मला वाटतं.

१९६५ च्या लढाईत आप्पा पश्चिमेच्या सीमेवर होते. त्याबद्दल ते काही सांगत नसत. आम्ही मुलं हट्ट करायचो, "आप्पा, शत्रू बघितला का? गोळी झाडली का?" ते म्हणायचे, "धूळ बघितली. लई धूळ होती." एवढंच. पुढे ते कंपनीचे क्वार्टरमास्टर हवालदार झाले. म्हणजे जवानांचे कपडे, घोंगड्या, शिधा, भांडी, सगळ्याचा साठा आणि सगळ्याची नोंद यांच्याकडे. एक मग कमी भरला तरी जाब द्यावा लागे. हिशेबाची शिस्त लागली ती तिथे.

मग आला ११ डिसेंबर १९६७. पाटण तालुक्यातल्या जुन्या माणसांना ही तारीख विचारायची गरज नाही. पहाटे चारनंतर कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं पडली. आमच्या घराची मागची भिंत गोठ्यावर कोसळली. मी चार वर्षांची, धाकटा भाऊ तान्हा. आईने दोघांना उचलून अंगणात आणलं आणि पुन्हा आत जाऊन आंधळ्या होत चाललेल्या सासूला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. आप्पांना बातमी कळली रेडिओवर. आपलं कोण जगलं, कोण गेलं, ते कळायला आणखी पाच दिवस लागले. सुट्टी मिळून ते आले तेव्हा आम्ही ताडपत्रीखाली राहत होतो. आईने त्यांच्यापुढे एक फडकं सोडलं. त्यात भिंतीखालून काढलेले सव्वीस रुपये होते, मातीने माखलेले. "एवढं राहिलंय," ती म्हणाली.

पंधरा वर्षांची नोकरी झाली की पेन्शन बसते. आप्पांनी सोळा वर्षं पुरी केली आणि १९७० साली काळी ट्रंक घेऊन ते घरी आले. वय चौतीस. लोकांना वाटलं, आता रान कसतील. पण भावांच्या वाटण्या झाल्यावर आप्पांच्या वाट्याला एक एकर आलं. तेवढ्यावर आता आम्ही तीन मुलं धरून पाच जणांचं काय होणार?

त्याच सुमारास बँका गावाकडे यायला लागल्या होत्या. १९ जुलै १९६९ ला सरकारने चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, हे तुम्ही ऐकलंच असेल. तोवर साऱ्या देशात बँकांच्या जेमतेम सव्वाआठ हजार शाखा होत्या, त्याही बहुतेक शहरांत. आमच्यासारख्यांना बँक म्हणजे सावकाराचा शहरातला भाऊ वाटायचा! राष्ट्रीयीकरणानंतर तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी शाखा उघडायला लागल्या आणि तिथे रखवालीला माणसं हवी होती. माजी सैनिक म्हणून आप्पांना १९७१ मध्ये बँकेत नोकरी मिळाली. काम काय, तर दारात दुनळी बंदूक घेऊन उभं राहायचं. हवालदाराचा पुन्हा पहारेकरी झाला म्हणून गावात चार लोक हसले. आप्पा म्हणाले, "पहारा तर पहारा. पगार पहिल्या तारखेला येतो."

शाखा होती माण तालुक्यात, दुष्काळी भागात. आम्ही सगळे तिकडे गेलो आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना लाल मिलो आणि सुकडी आठवत असेल. चांगल्या घरच्या बायका खडी फोडायला जात होत्या. आप्पा दारात उभे राहून बघत. शेतकरी यायचा, फॉर्म हातात घ्यायचा, उलटा धरायचा आणि परत जायचा. बायका तर उंबऱ्यालाच थांबायच्या. बंदूक भिंतीला टेकवता येत नसे, म्हणून आप्पा ती खांद्याला अडकवून उभ्याउभ्याच लोकांचे फॉर्म भरायला लागले. व्यवस्थापक चांगला होता. म्हणाला, "अहो, तुम्ही आत बसायला हवं. एस.एस.सी. व्हा, पुढचं मी बघतो."

आणि मग आमच्या घरात शाळा सुरू झाली, मैत्रिणींनो! भाड्याच्या दोन खोल्या, एकच दिवा. त्याच्याखाली मी चौथीचा अभ्यास करायची, भाऊ बाराखडी गिरवायचा आणि सदतीस वर्षांचे आप्पा बीजगणिताशी झगडायचे. आई चुलीपाशी. एके दिवशी आप्पांनी एक पाटी आणून तिच्यापुढे ठेवली. आई लाजून लाल झाली. "मला न्हाई जमायचं. पोरं हसतील." आप्पा म्हणाले, "मी पोरांसंगं बसलोय, मला हसली का?"

यामागे एक कारण होतं. आप्पांना आईच्या नावाने बचत खातं उघडायचं होतं. बँकेत त्याला अडचण नव्हती. अंगठा उठवून खातं उघडत होतंच. पण आप्पांचं म्हणणं, "अंगठ्याचं खातं असलं की दुसऱ्यानं वाचून दाखवावं लागतं. मनिऑर्डरीचं झालं तेच पुन्हा." आईने तीन महिने पाटी गिरवली. आधी स्वतःचं नाव, मग आकडे, मग "जमा" आणि "नावे". १९७३ मध्ये तिने पहिल्यांदा सही केली. सही कसली, नाव लिहायला तिला दोन मिनिटं लागली, आणि शेवटच्या अक्षराची वेलांटी कागदाबाहेर गेली! खात्यात पाच रुपये भरले. पासबुक आईने देव्हाऱ्यात ठेवलं.

आप्पा एस.एस.सी. झाले १९७४ मध्ये, दुसऱ्या प्रयत्नात. १९७६ मध्ये बँकेची आतली परीक्षा देऊन कारकून झाले आणि पुढे हेड कॅशियर म्हणून १९९६ ला निवृत्त झाले. त्यांची बोटं मला अजून आठवतात. तेव्हा नोटांच्या गड्डीला जाड पिना मारलेल्या असायच्या. त्या उपसून उपसून अंगठ्याच्या कडा सोललेल्या. (रिझर्व्ह बँकेने पिना मारणं बंद केलं ते २००१ मध्ये, आप्पा म्हणाले, "माझा अंगठा गेल्यावर!") रोज संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी येत नसत. एकदा दहा रुपये कमी भरले, तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत बसून गड्ड्या पुन्हा मोजल्या आणि दोन नोटा चिकटलेल्या सापडल्यावर पारावर येऊन पेढा खाल्ला.

आता मूळ गोष्टीकडे येते, त्या वहीकडे.

बँकेत लागल्या दिवसापासून आप्पांनी घराची जमाखर्चाची वही ठेवली. दर वर्षी एक, गुढीपाडव्याला नवी. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आमच्याकडेही ठेवतात. पण आप्पांची रीत निराळी होती. वही ते लिहीत, पण एकटे लिहीत नसत. रोज जेवणं झाली की आई समोर बसायची. ते विचारायचे, "बोला, आज काय गेलं?" आई सांगायची, "दूध, काडेपेटी, पोराची पेन्सिल." आणि मग ते त्यांचं सांगायचे, "एस.टी., चहा, एकाला दोन रुपये उसने दिले." विडीकाडी असती तर तीही लिहिली असती, पण ते व्यसन नव्हतं. महिन्याच्या शेवटी ते वही फिरवून आईकडे करायचे. बेरीज ती करायची. तिची बेरीज जुळली की ते खाली सही करायचे आणि तिलाही करायला लावायचे. दोन सह्या! अगदी बँकेच्या खजिन्याला दोन किल्ल्या असतात तसं.

ही वही म्हणजे काटकसरीचा बडगा नव्हता, हे मुद्दाम सांगते. नाहीतर काही घरांत हिशेब म्हणजे बायकोची उलटतपासणी असते. "एवढे पैसे कुठे गेले?" हे वाक्य आप्पांच्या तोंडून मी ऐकलं नाही. ते स्वतःचा खर्च आधी सांगायचे. आणि पगार किती, फौजेची पेन्शन किती, सोसायटीचं देणं किती, विमा कुठला, हे सगळं पहिल्या पानावर आईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं. आम्हा तिघांची शिक्षणं, माझं आणि बहिणीचं लग्न, भावाचं तंत्रनिकेतन, सगळं त्या पानांत आहे. माझ्या लग्नाच्या वर्षी एक ओळ आहे, "हुंडा: दिला नाही, मागितला नाही." त्यापुढे आईच्या अक्षरात, "बरं झालं."

जमिनीचं सांगते. आपल्या बायकांचा जीव जिथे अडकतो तो हा विषय. आप्पांचं ते एक एकर बारा वर्षं आईने राखलं होतं, आणि पुढेही सुगीला आम्ही गावी जायचो. पण सातबारावर तिचं नाव नव्हतं. कुणाच्या बायकोचं असतं? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली, आणि १९९२ मध्ये सरकारनेही निर्णय काढला की नवऱ्याने आपणहून अर्ज दिला तर सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येईल. आप्पांनी तो निर्णय वाचला आणि पुढच्याच रजेत तलाठ्याकडे अर्ज दिला. थोरले काका चिडले. "बायकोच्या नावावर रान? उद्या माहेरी नेऊन दिलं म्हणजे?" आप्पा मोठ्या भावापुढे आवाज चढवत नसत. शांतपणे म्हणाले, "तात्या, मी सोळा वर्षं बाहेर होतो. तेव्हा नाही नेलं, आता नेईल का?" काका वर्षभर बोलले नाहीत. दिवाळीला फराळ आला नाही. आप्पांना ते लागलं, मला माहीत आहे. पण अर्ज त्यांनी मागे घेतला नाही.

आम्हा बहिणींनाही त्यांनी बसवून सांगितलं होतं, "कुणी हक्कसोडीवर सही करा म्हटलं, तर आधी वाचा. द्यायचं असेल तर आनंदानं द्या, पण काय देताय ते कळू द्या." महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क दिला, त्याची कात्रणं वहीत चिकटवलेली आहेत.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात. आप्पांनी कागदांची यात्रा केली! पेन्शनच्या एका कागदावर आईचं माहेरचं नाव होतं, दुसऱ्यावर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. आप्पा म्हणाले, "मी आहे तोवर ही दोन नावं एकच बाई आहे हे मी सांगेन. मी गेल्यावर तिला कोण विचारणार?" दोन वर्षं पत्रव्यवहार केला, प्रतिज्ञापत्र केलं, दोघांचा एकत्र फोटो काढून दिला. फोटोसाठी आईने नऊवारी इस्त्री केली, आणि आप्पांनी फौजेतली टाय बांधली. तोच त्यांचा एकमेव जोडीचा फोटो.

आमच्या शेजारच्या एका वहिनींचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. नवरा अचानक गेला. खातं त्याच्या एकट्याच्या नावाने, वारस म्हणून कुणाचंच नाव नोंदवलेलं नाही. स्वतःच्याच घरच्या पैशासाठी ती बाई आठ महिने हेलपाटे घालत होती. म्हणून आप्पांनी त्यांचं पेन्शनचं खातं आईबरोबर जोडखातं करून घेतलं, दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, अशा अटीचं. असं खातं असलं की नवऱ्यामागे कुटुंबनिवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होऊ शकतं, नवं खातं काढावं लागत नाही. ठेवींना नामनिर्देशन केलं. ही सोय बँकांत १९८५ पासून आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्यावर चार जणांपर्यंत नावं देता येतात. पण लक्षात ठेवा हं, ज्याचं नाव दिलं त्याला बँक पैसे देते, एवढाच त्याचा अर्थ. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. म्हणून आप्पांनी मृत्युपत्रही केलं, दोन साक्षीदारांसमोर: आधी सगळं आईचं, तिच्यामागे आम्हा तिघांना सारखं. आणखी एक. फौजेची आणि नंतरच्या नोकरीची अशी दोन्ही कुटुंबनिवृत्तिवेतनं घेण्याची सवलत सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाली. त्याआधी विधवेला दोहोंपैकी एकच निवडावं लागे. तुमच्या घरी असे दुहेरी नोकरीचे कुणी असतील तर नक्की चौकशी करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

एवढ्या हिशेबी माणसाला आईने एकदा चकवलंच. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटाबंदी जाहीर झाली. आप्पा ऐंशी वर्षांचे. टीव्ही बंद करून म्हणाले, "आपल्याकडे दोन नोटा आहेत. उद्या बदलू." आई उठली, स्वयंपाकघरात गेली, हरभऱ्याच्या डाळीचा डबा आणून परातीत पालथा केला. डाळीतून पाचशेच्या सत्तावीस नोटा निघाल्या! साडेतेरा हजार रुपये! रोजच्या त्या दोन सह्यांच्या वहीतून निसटलेले. आम्ही श्वास रोखून बसलो. आप्पांनी नोटा झटकल्या, सवयीने दोनदा मोजल्या आणि म्हणाले, "वीस वर्षं हेड कॅशियर होतो म्हणे मी!" मग इतके हसले की खोकला लागला. वहीत त्या दिवशी लिहिलं आहे, "जमा: हिची शिल्लक, रु. १३,५००. तिचीच." दुसऱ्या आठवड्यात रांगेत उभं राहून आईच्या खात्यात भरले. आप्पांचं मत असं की डाळीतले पैसे हा बाईचा हक्क आहे, पण बँकेत त्यांना व्याज मिळतं!

शेवटची दोन वर्षं त्यांना दिसायला कमी झालं. वही आई लिहायला लागली आणि ते सांगायला लागले. गेले ते झोपेत, पहाटे.

तेराव्यानंतर आम्ही ट्रंक उघडली. १९७१ पासूनच्या सगळ्या वह्या ओळीने लावलेल्या. चाळताना एक नोंद दर वर्षी दिवाळीच्या आठवड्यात सापडायला लागली. "म. ऑ. १५ रु." मग पंचवीस, मग पन्नास, शेवटी शंभर. नाव नाही, गाव नाही. १९९१ नंतर बंद. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. खरं सांगू? मनात नको नको ते येऊन गेलं. भावाने भीत भीत आईला विचारलं.

आई म्हणाली, "ते व्हय? पासष्टच्या लढाईत त्यांच्या शेजारी एक जण हुता, वाळव्याकडचा. तो ऱ्हायला तिकडंच. त्याच्या म्हातारीला भाऊबीज. सहासष्टपासनं धाडत हुते. ब्याण्णवला म्हातारी गेली." 

"तुला माहीत होतं?"

"मला ठाव नसंल तर सही कशी करीन?"

आम्ही वही पुन्हा बघितली. खरंच. त्या प्रत्येक महिन्याच्या बेरजेखाली दोन सह्या होत्या. धुळीपलीकडे आप्पांनी कुणालाच काही सांगितलं नाही असं आम्ही समजत होतो. आईला सांगितलं होतं.

महिन्याभराने आईला घेऊन मी बँकेत गेले. सगळे कागद एका फायलीत, वर आप्पांच्या हातची यादी: मृत्यूचा दाखला इतक्या प्रती, पेन्शनचा आदेश, आधार, फोटो. टेबलाशी बसलेल्या तरुण अधिकाऱ्याने त्र्याऐंशी वर्षांची नऊवारीतली म्हातारी बघितली आणि भलेपणाने शाईचा डबा पुढे सरकवला. आईने तो बाजूला केला. म्हणाली, "पेन द्या बाळ." अजून दोन मिनिटं लागतात तिला, पण वेलांटी आता कागदाबाहेर जात नाही. दुसऱ्याच महिन्यात पैसे जमा झाले. एकही हेलपाटा पडला नाही.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणी आज मिळवत्या आहेत, शिकलेल्या आहेत, मोबाईलवर पैसे पाठवतात. तरी परवा एका भिशीत मी सहज विचारलं, "तुमच्या यजमानांचा विमा कुठल्या कंपनीचा आहे?" अकरा जणींपैकी तिघींना सांगता आलं. विचारायला संकोच वाटतो, अशुभ वाटतं, आणि त्यांना वाटतं आपण त्यांच्या मरणाचं बोलतोय. तर मग असं करा. आधी आपलं सांगा. आपली डाळीतली शिल्लक, भिशीचा हप्ता, माहेरी पाठवलेले पैसे. मग त्यांना म्हणा, "आता तुमचं सांगा." एका साध्या शंभर पानी वहीत पहिल्या पानावर दोघांनी मिळून लिहा: खाती कुठे, कुणाच्या नावावर, नामनिर्देशन झालंय का, विमा कोणता, देणं किती, घराचे आणि रानाचे कागद कुठे. एक रविवार पुरतो. आणि महिन्याच्या बेरजेखाली दोघांनी सह्या करा.

आमच्या आईने या पाडव्याला नवी वही आणली. पहिली नोंद आहे, "वही, ४० रु." बेरजेखाली आता ती एकटीच सही करते. मी गेले की वही फिरवून माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, "बघ बरं, जुळतंय का?"